क्रूझचा विमा घेताना

तीन-चार रात्रींच्या क्रूझला कशाला विमा, असं वाटतं खरं. पण आधी जहाज कुठं जाणार ते बघा. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीप असेल तर देशांतर्गत पॉलिसी. सिंगापूरहून निघणार असेल तर ओव्हरसीज, आणि ती भारतातून निघण्याआधीच घ्यायची.

पॉलिसीच्या कागदात 'क्रूझ' हा शब्द शोधा. बऱ्याच पॉलिसींत तो नसतो, मग दाव्याच्या वेळी वाद. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो, त्याचं बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं. तिथं कॅशलेस बहुधा चालत नाही. पैसे आधी तुम्ही भरायचे, म्हणून बिल, प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरचा शेरा उतरण्यापूर्वीच मागून घ्या. आजारी माणसाला जहाजावरून हलवायचा खर्च सर्वांत मोठा, तो कव्हर आहे का ते स्पष्ट विचारा.

शुगर, बीपीची गोळी चालू असेल तर फॉर्मवर लिहा. एजंट 'राहू दे' म्हणाला तरी लिहाच. लपवलेलं निघालं की दावा गेला.

आता कोल्हापूरकरांचा खास घोळ. सकाळी गाडी काढून संध्याकाळचं जहाज गाठायला जाऊ नका. वाटेत खंबाटकी घाटात ट्रॅफिक लागला तर जहाज थांबत नाही, आणि स्वतःच्या गाडीनं झालेला उशीर विम्यात सहसा बसत नाही. रेल्वे किंवा विमानाला उशीर झाल्याचा लेखी दाखला असेल तर काही पॉलिसी पैसे देतात. त्यापेक्षा आदल्या दिवशीच मुंबई गाठा.