कंडेन्सेट ट्रॅप काढू नका, आधी पाइप बघा

लीड्सला तुमचा घर तापवणारा गॅस बॉयलर पहाटे गुडगुडतो, बंद पडतो, आणि ओळखीतल्या कुणीतरी सल्ला दिलाय की ‘ट्रॅप काढून सरळ पाइप जोडा, कटकट मिटेल.’ हे अजिबात करू नका. कंडेन्सेट म्हणजे बॉयलरच्या धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी, आणि ट्रॅप म्हणजे ते बाहेर जाण्याच्या वाटेवरचा, थोडं पाणी धरून ठेवणारा भाग. पाणी जाईल बिनबोभाट, पण त्याच वाटेने जळलेल्या गॅसचा धूर घरात शिरेल. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि त्याला ना रंग ना वास.

आपल्याकडच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप असतो, तसंच हे. तिथे साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं, इथे ते बॉयलरच्या पंख्याने ढकललेला धूर अडवतं. त्यासाठी ट्रॅपमध्ये साधारण ७५ मिलिमीटर उंचीचं पाणी कायम उभं असावं लागतं.

आता हे पाणी येतं कुठून? गॅस जळला की वाफ तयार होते. जुने बॉयलर ती धुराबरोबर बाहेर सोडून द्यायचे. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवीन गॅस बॉयलर जवळपास सगळे कंडेन्सिंगच बसतात. त्यांत रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं की धुरातली वाफ आतच पाणी होते आणि तिची उष्णता घराला मिळते. कडाक्याच्या थंडीत तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज निघतं. ते असतं आम्लधर्मी, पीएच ३ ते ४ च्या आसपास, म्हणून त्याला तांब्याचा पाइप चालत नाही, प्लास्टिकच लागतं.

बऱ्याच ट्रॅपमध्ये सायफनही असतो. पाणी थेंबथेंब न सोडता पेलाभर साचलं की एकदम भसकन सोडायचं. कारण उघडं आहे: बाहेरच्या थंडगार पाइपातून थेंब सरकेपर्यंत गोठतो, लोंढा गोठत नाही. तरीही पाइप बारीक असेल, उतार कमी असेल किंवा भिंतीबाहेर लांबच लांब आडवा गेला असेल तर बर्फ धरतोच. पाणी मागे तुंबतं, पंख्याची हवा त्यातून बुडबुडत जाते (तीच तुमची गुडगुड), आणि पाणी आणखी चढलं की बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. २०१० च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये घरोघरी हेच झालं होतं.

तेव्हा आधी हवामान बघा. रात्री पारा शून्याखाली गेला होता आणि दुपारी बॉयलर आपोआप सुरू होतो, तर दोष पाइपाचा. जमिनीवर उभं राहून हात पोचत असेल तरच बाहेरच्या पाइपावर, विशेषतः कोपऱ्यावर आणि टोकाशी, कोमट पाणी ओता किंवा गरम पाण्याची पिशवी धरा. उकळतं पाणी नको. प्लास्टिक तडकतं आणि खाली सांडलेल्याचा बर्फ होऊन कुणीतरी घसरतं. मग रीसेट करा. कायमचा उपाय म्हणजे बाहेरचा पाइप ३२ मिलिमीटरचा, मीटरमागे निदान ४५ मिलिमीटर उताराचा आणि वरून जलरोधक इन्सुलेशन. जमलं तर तो घरातल्याघरातच ड्रेनला जोडून घ्या, हे सगळ्यात उत्तम.

थंडी नसतानाही गुडगुड येत असेल तर ट्रॅप तुंबलाय असं धरा. हीट एक्स्चेंजरमधला (धुराची उष्णता पाण्याला देणारा भाग) करडा-पांढरा गाळ खाली बसतो, दह्यासारखा घट्ट होतो. बॉयलरचं कव्हर मात्र तुम्ही उघडू नका, ‘गॅस सेफ’ या ब्रिटनमधल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेला माणूसच बोलवा. वर्षाच्या सर्व्हिसला ‘ट्रॅप काढून धुतला का?’ असं मुद्दाम विचारा. काही जण नुसतं धूर तपासून बिल देतात. धुतल्यावर तो पुन्हा पाण्याने भरूनच बसवायचा असतो. रिकामा ट्रॅप लावून बॉयलर चालू केला तर काढून टाकल्यासारखंच झालं.

उन्हाळ्यात दीड-दोन महिने भारतात जाताना बॉयलर पूर्ण बंद ठेवत असाल तर ट्रॅपमधलं पाणी उडून जाऊ शकतं. परतल्यावर चालू करण्याआधी तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत ट्रॅप भरण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, नाहीतर इंजिनिअरला फोन करा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॉयलरच्याच खोलीत लावा, जिन्याखाली नको.