लंडनच्या व्हिक्टोरियन घरामागे खोली वाढवताना
नवी भिंत उपरी वाटू नये, यासाठी आधी जुनी वीट मोजा. ती बहुधा ६८ ते ७३ मिमी उंच असते, आजची ६५. थर जुळत नाहीत आणि ते लगेच खुपतं. जुन्या मापाची वीट मागवा, विटांमधल्या फटी चुन्याने भरा. जुन्या भिंतीवर तर सिमेंट लावूच नका! ओल आत कोंडते, थंडीत विटेचे पापुद्रे सुटतात.

जुना पाया उथळ, नवा मीटरभर खोल. दोन्ही सारखे खचत नाहीत. म्हणून नवी भिंत जुन्या भिंतीत दाते काढून गुंफू नका, स्टेनलेस स्टीलची पट्टी लावून १० मिमीचा हलता सांधा ठेवा. नवी भिंत जुन्या भिंतीच्या कडेपासून १०० मिमी आत घेतली की सांधा कोपऱ्यात लपतो, मूळ घराची कडही दिसत राहते.

शेजारच्या घरापासून ३ मीटरच्या आत, त्यांच्या पायापेक्षा खोल खोदणार असाल तर महिनाभर आधी लेखी नोटीस द्या. १९९६ चा पार्टी वॉल (सामाईक भिंतींचा) कायदा तसं सांगतो.