एलईडीत अडकलेला प्रकाश आणि फोटॉनिक क्रिस्टल

प्रश्न: फोटॉनिक क्रिस्टलच्या (ठरावीक अंतरावर कोरलेल्या सूक्ष्म छिद्रांच्या जाळीच्या) बँडगॅपमुळे (जाळीतून जाऊच न शकणाऱ्या तरंगलांबींच्या पट्ट्यामुळे) एलईडीत आडवा जाणारा प्रकाश रोखला जातो आणि म्हणून तो वरून बाहेर पडतो, असं वाचलं. प्रत्यक्षात असंच घडतं का?

घडू शकतं. क्योतो विद्यापीठातल्या सुसुमू नोदा यांच्या गटाने 2005 मध्ये ते प्रयोगाने दाखवलंही. पण त्यासाठी छिद्रं प्रकाश निर्माण करणाऱ्या थरातून आरपार जावी लागतात आणि छिद्रांच्या भिंतींवर विद्युतभार प्रकाश न देताच नष्ट होऊ लागतात. म्हणून निळ्या एलईडीत बहुतेक वेळा उथळ छिद्रंच कोरतात आणि तिथे काम करतं ते विवर्तन, म्हणजे जाळीमुळे प्रकाशाची दिशा वळणं.

मूळ अडचण अपवर्तनांकाची आहे. निळी एलईडी ज्याची बनते त्या गॅलियम नायट्राइडचा अपवर्तनांक निळ्या प्रकाशासाठी सुमारे 2.4, म्हणजे हवेच्या सीमेवर क्रांतिक कोन (त्याहून तिरपा प्रकाश आतच परततो) जेमतेम 25 अंश. सपाट पृष्ठभागातून चार-पाच टक्केच प्रकाश सुटतो, वर पारदर्शक सिलिकॉनचं (रबरासारख्या पदार्थाचं) आवरण ओतलं तर दहा-अकरा. उरलेला थरातच आडवा धावत राहतो. छिद्रांची जाळी त्याची दिशा वळवून त्याला सुटकेच्या कोनात आणते.

प्रश्न: 460 नॅनोमीटरच्या एलईडीसाठी छिद्रांमधलं अंतर किती ठेवावं?

थरात प्रकाश ठरावीक रचनांमध्येच धावतो, त्यांना मोड म्हणतात. तरंगलांबीला जो मोड बाहेर काढायचा त्याच्या प्रभावी अपवर्तनांकाने (त्या मोडला जाणवणाऱ्या अपवर्तनांकाने) भागा: 460 ÷ 2.4, म्हणजे सुमारे 192 नॅनोमीटर. ओळींमधलं अंतर एवढं असलं की ओळींना काटकोनात धावणारा प्रकाश सरळ वर वळतो. त्रिकोणी जाळीत ओळींमधलं अंतर हे शेजारच्या दोन छिद्रांमधल्या अंतराच्या 0.866 पट असतं. म्हणून छिद्रांमधलं अंतर येतं सुमारे 221 नॅनोमीटर. फक्त बाहेर काढायचा असेल, सरळ वरच हवा असा हट्ट नसेल, तर ओळींमधलं अंतर 135 ते 325 नॅनोमीटरमध्ये कुठेही चालतं. प्रभावी अपवर्तनांक मोडनुसार बदलतो, त्यामुळे एकाच अंतराने सगळे मोड सरळ वर येणार नाहीत.

आमच्या मते मात्र जाळीपेक्षा थराची जाडी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच दुर्लक्षिली जाते. चार मायक्रोमीटर जाडीच्या थरात दोन-तीन डझन मोड मावतात. त्यातल्या खालच्या क्रमाच्या मोडची तीव्रता पृष्ठभागाजवळ नगण्य असते, म्हणून 150 नॅनोमीटर खोलीची छिद्रं त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. सफायर (ज्या स्फटिकावर हे थर वाढवतात तो) काढून थर 700 नॅनोमीटरपर्यंत पातळ केला की मोड मोजकेच उरतात. अशा एलईडीतून सिलिकॉनशिवाय 73 टक्के प्रकाश बाहेर काढल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

प्रश्न: आम्ही वरच्या पी-थरात (धन विद्युतभार वाहणाऱ्या थरात) प्लाझ्माने छिद्रं कोरली. समोरच्या डिटेक्टरवर प्रकाश दुप्पट दिसला, पण त्याच प्रवाहाला व्होल्टेजही वाढलं. चूक कुठे?

दोन गोष्टी वेगळ्या करा. प्लाझ्माच्या माऱ्याने पृष्ठभागातला नायट्रोजन निघून जातो. त्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन देतात आणि पी-थरातले होल्स (धन विद्युतभार) खाऊन टाकतात. शिवाय छिद्रांनी संपर्काचं क्षेत्रफळही घटवलेलं असतं. प्लाझ्माचा बायस (आयनांना वेग देणारं व्होल्टेज) कमी ठेवून कोरा, क्रियाशील (प्रकाश निर्माण करणाऱ्या) थराच्या वर पी-थराचे काही दशक नॅनोमीटर शाबूत ठेवा, नंतर नायट्रोजनमध्ये अॅनील करा (तापवा). त्याहून चांगला मार्ग म्हणजे चिप उलटी करणं: पी-बाजू धातूच्या आरशावर चिकटवा, लेझरने सफायर सोडवा आणि एन-बाजूवर (इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या बाजूवर) जाळी कोरा. तिथे त्याच रिकाम्या जागा फारसं नुकसान करत नाहीत.

दुसरं, ‘दुप्पट’वर लगेच विश्वास ठेवू नका. जाळी प्रकाश वाढवतेच, पण त्याची दिशाही बदलते. समोरच्या छोट्या डिटेक्टरला नुसता अरुंद झालेला झोतही वाढ वाटतो. इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणाऱ्या पोकळ गोलात), त्याच वेफरवरच्या कोरीव नसलेल्या चिपशेजारी ठेवून, समान प्रवाहावर मोजा.

प्रश्न: मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडने खडबडीत केलेला पृष्ठभाग पुरेसा नाही का?

सगळीकडे उजेड पसरवायचा असेल तर पुरेसा आहे आणि बराच स्वस्तही. लेन्समध्ये किंवा प्रोजेक्टरमध्ये ठरावीक कोनातच प्रकाश हवा असेल तेव्हा जाळी घ्या.