ऑर्केस्ट्राचा कंडक्टर टीव्ही निर्माता झाला, तर त्याच्या संगीतज्ञानाचा तिथे नेमका काय उपयोग होतो?

ऑस्ट्रियन कंडक्टर हर्बर्ट फॉन करायन (१९०८–१९८९) यांचं काम पाहिलं की याचं उत्तर मिळतं. बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे प्रमुख असतानाच १९६५ मध्ये त्यांनी फ्रेंच दिग्दर्शक क्लुझो यांच्याबरोबर शूमानची चौथी सिम्फनी चित्रित केली. पुढे दिग्दर्शनही स्वतःकडे घेतलं आणि १९८२ मध्ये टेलिमोंडियाल ही स्वतःची कंपनी काढली.

खरा उपयोग स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची लिखित स्वरलिपी, वाचण्याचा. ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजायला लागल्यावर कॅमेरा ओबोवर गेला, तर उशीर झालेला असतो. वादक रीड (वाद्याची फुंकायची पट्टी) ओठांत धरून श्वास घेतो, कट, म्हणजे दृश्यबदल, तेव्हाच हवा. म्हणून कुठल्या बारच्या (मात्रांच्या गटाच्या) कितव्या मात्रेला कुठला कॅमेरा, हे स्कोअरवरच लिहून ठेवतात. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे युरोपीय टीव्हीच्या हिशेबात (सेकंदाला २५ फ्रेम) साडेबारा फ्रेम. एवढ्यातच सगळं बसवायचं.

करायन यांच्या बऱ्याच फिल्म प्लेबॅकवर झाल्या: आवाज आधी ध्वनिमुद्रित करायचा, मग तो स्पीकरवर लावून वादकांनी त्याबरोबर वाजवायचं. त्यामुळे कॅमेरा थेट वादकांच्या रांगांत नेता येतो. पण गफलतीही इथेच होतात. ध्वनिमुद्रणात गज खाली ओढलेला आणि चित्रात वर जाताना दिसला, की व्हायोलिन वाजवणाऱ्याला ते लगेच खटकतं. म्हणून गजाच्या दिशा त्याच वेळी टिपून ठेवायच्या. आवाज आणि चित्र जुळतंय का, हे टिंपनीवर (नगाऱ्यासारख्या मोठ्या तालवाद्यावर) तपासावं, काठी पडल्याचा क्षण लपत नाही. शिवाय प्लेबॅकला वादक हात राखून वाजवतात आणि दंडातला जोर दिसेनासा होतो. त्यांना पूर्ण ताकदीने वाजवायला लावावं लागतं.

आणखी एक: सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित केलेली फिल्म २५ ने दाखवली, की लय चार टक्क्यांनी वाढते आणि, दुरुस्ती केली नाही तर, स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. युरोपीय टीव्हीसाठी सुरुवातीलाच २५ ठेवावेत.

करायन यांचं चुकलं ते एका ठिकाणी, असं मला वाटतं. कॅमेरा त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर फार रेंगाळतो, वादकांचे चेहरे हरवतात. ह्यूगो नीबेलिंग यांनी १९६७ मध्ये दिग्दर्शित केलेली बेथोवनची ‘पॅस्टोरल’ सिम्फनी शेजारी ठेवून पाहा. आधी आवाज बंद करून, नुसत्या कटवरून मात्रा मोजता येते का ते बघा.