चीजच्या डब्यावरचं २३४

प्रश्न: मुलांसाठी चीज स्प्रेड आणतो, परवा सहज डब्यामागची बारीक अक्षरं वाचली तर 'प्रिझर्व्हेटिव्ह २३४' दिसलं. मोबाईलवर शोधलं तर म्हणे बॅक्टेरियाच ते बनवतात आणि बॅक्टेरियालाच मारतात. म्हणजे अँटिबायोटिकच ना? उद्या पोरांवर औषधं चालेनाशी झाली तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर: २३४ म्हणजे नायसिन. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जंतूच्या काही जाती ते बनवतात, आणि कशासाठी म्हणाल तर चक्क भाऊबंदकीसाठी, दुधातल्या त्याच साखरेवर टपलेल्या जवळच्याच नातेवाइकांना मारायला. नायसिन समोरच्याच्या पेशीभिंतीच्या कच्च्या मालाला चिकटतं आणि पडद्याला भोकं पाडतं. बनवणारा स्वतः मरत नाही कारण त्याच्याकडे बचावाचं वेगळं प्रोटीन असतं. अशा सगळ्या पदार्थांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. त्यातला पहिला, कोलिसिन, बेल्जियमच्या आंद्रे ग्रॅशिया यांना १९२५ साली सापडला आणि तिथे तर कमालच, ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची पेशी स्वतः फुटून मरते तेव्हा कुठे तो बाहेर पडतो, भावंडं वाचतात, परके मरतात.

गंमत म्हणजे नायसिनसारखा प्रकार आधी कटकट म्हणूनच पुढे आला. १९३३ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये चीजचं विरजण नीट लागेना, शोध घेतला तर दुधातलाच दुसरा जंतू त्याला रोखत होता.

आता तुमची काळजी. जंतू मारतं म्हणून अँटिबायोटिक म्हणायचं तर म्हणा, पण डॉक्टर हे औषध म्हणून देत नाहीत. शिवाय ते प्रोटीन आहे, जेमतेम ३४ अमिनो आम्लांचं, लहान आतड्यातले पाचक रस त्याचे तुकडे करून टाकतात. लॅबमध्ये नायसिनला दाद न देणारे जंतू मिळतात हे खरं, पण तेवढ्यावरून डब्याला घाबरायचं मला तरी कारण दिसत नाही. नायसिन घालतात कारण चीज वितळवताना जंतू मरतात पण क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे बीजाणू, म्हणजे उष्णतेतही टिकणारी त्याची बीजं, तगतात आणि नंतर डबा फुगवतात.

बुरशीवर मात्र हे चालत नाही हां, म्हणूनच बऱ्याच डब्यांवर शेजारी २०० पण असतो, ते सॉर्बिक ॲसिड. तेव्हा उघडलेला डबा फ्रिजमध्येच ठेवा, आणि बुरशी दिसली तर वरचं वरचं काढून पोरांना देऊ नका, सरळ फेका.