टिकणारी सजावट, संपणारी भेट

पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहताना दिवाळीची सजावट आणि आठ-दहा घरी द्यायच्या भेटी फारसा खर्च न करता घरीच कशा तयार कराव्यात, असे आपण विचारले आहे. माझा अनुभव असा की, सजावट पुढच्या वर्षी पुन्हा लावता येईल अशी करावी आणि भेट मात्र दिवाळीतच वापरून संपेल अशी द्यावी. मणी-टिकल्या चिकटवून केलेली शोभेची वस्तू कितीही मन लावून केलेली असली, तरी घेणाऱ्याच्या घरात ती जागा अडवून बसते; ठेवायला जागा नसते आणि टाकून द्यायला मन धजत नाही.

सजावटीत पहिला मान आकाशकंदिलाचा. बाजारातला प्लास्टिकचा कंदील एक-दोन वर्षांत कळकट होतो, उलट बांबूचा सांगाडा नीट ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो आणि दर दिवाळीला फक्त कागद बदलावा लागतो. बुरूड आळीत कामट्या मिळतात. पारंपरिक कंदिलासाठी प्रत्येकी २० सेंटिमीटरच्या २४ कामट्या पुरतात. त्यांपैकी १६ कामट्यांचे चार चौकोन दोऱ्याने बांधून घ्यावेत, ते शंकरपाळ्यासारखे कोपऱ्यावर उभे धरून आडवे कोपरे एकमेकांना बांधत गोल कडे पूर्ण करावे, आणि उरलेल्या आठांपैकी चार कामट्यांनी वरची टोके, तर चार कामट्यांनी खालची टोके जोडावीत. या आकारात सहा चौकोन आणि आठ त्रिकोण तयार होतात. त्यांतले वरचे आणि खालचे चौकोन उघडे सोडून बाकीच्यांवर कागद लावायचा असतो. सांगाडा पूर्ण झाल्यावरही हाताने पिळला तर डुगडुगतो आणि आपली गाठ सैल राहिली असे वाटते, परंतु हा त्या आकाराचाच स्वभाव आहे. चारी चौकोनांवर कागद ताणून बसला की तो ताठ उभा राहतो.

कागद पतंगाचा घ्यावा किंवा बटर पेपर वापरावा. कागद कापताना चारही बाजूंनी बोटभर जास्तीचा ठेवला म्हणजे तो कामटीवरून मुडपून आत चिकटवता येतो. चिकटवायला मैद्याची खळ उत्तम, मात्र ती त्याच दिवशी करून वापरावी. झुरळे लागू नयेत म्हणून जुनी मंडळी खळीत मोरचूद घालत असत. ते विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरात टाळलेलेच बरे. आत पाच-सात वॅटचा पिवळसर प्रकाशाचा एलईडी दिवा लावावा, कारण जुन्या पद्धतीचा बल्ब तापतो आणि पतंगी कागदाला ती धग सोसत नाही. परतीचा पाऊस कधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो, तेव्हा कंदील गॅलरीच्या छताखालीच टांगावा. दिवाळी सरल्यावर कागद ओला करून काढावा आणि सांगाडा वाळवून माळ्यावर ठेवावा.

पणत्यांबद्दल थोडक्यात सांगतो. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून साध्या मातीच्या पणत्या आणाव्यात, रात्रभर पाण्यात भिजवाव्यात म्हणजे त्या तेल कमी पितात, आणि पूर्ण वाळल्यावर फक्त बाहेरून ॲक्रिलिक रंगाने रंगवाव्यात. वातीच्या चोचीला रंग लावू नये. दारावरच्या तोरणासाठी जुन्या साडीचे काठ कापून, दुहेरी करून शिवले तर झेंडूच्या चढत्या भावाची चिंता उरत नाही. पाडव्याला त्याच तोरणात आंब्याची ताजी पाने खोचावीत.

आता भेटीकडे वळतो. फराळ सगळेच देतात, आणि तो आठ-दहा घरांना पुरेल इतका करणे नोकरी सांभाळून जमतेच असे नाही. म्हणून मी घरच्या उटण्याची शिफारस करीन. ५० ग्रॅमच्या दहा पुड्यांसाठी मी मसूर डाळीचे पीठ २५० ग्रॅम, मुलतानी माती १०० ग्रॅम, संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड ५० ग्रॅम, आणि आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी व वाळा प्रत्येकी २५ ग्रॅम असे प्रमाण घेतो. नागरमोथा आणि वाळा काष्ठौषधीच्या दुकानातून दळलेलेच आणावेत, कारण वाळ्याच्या तंतुमय मुळ्या घरच्या मिक्सरला दाद देत नाहीत. चंदन मी मुद्दाम वगळले आहे. खरे चंदन महाग असते आणि स्वस्तात मिळणाऱ्या पुडीत ते कितपत असेल याचा अंदाज आपणच करावा. सगळे एकत्र करून वस्त्रगाळ करावे, म्हणजे मलमलच्या फडक्यातून गाळावे. हा कंटाळवाणा भाग वगळला तर उटणे अंगाला टोचते, तेव्हा येथे घाई करू नये. कोणाच्या त्वचेला काय चालत नाही हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून पुडीवर सर्व घटक स्वच्छ अक्षरात लिहावेत आणि दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवून आधी हातावर थोडे लावून पाहण्याची सूचनाही लिहावी.

खर्च वाढतो तो वेष्टनावर. बोहरी आळीत चकचकीत डबे, जाळीच्या पिशव्या, सोनेरी दोरे पाहून भान सुटते आणि आतल्या मालापेक्षा बाहेरच्या डब्यालाच जास्त पैसे जातात. उटण्याला ओल लागू नये म्हणून आत बटर पेपरची घट्ट पुडी असली की पुरे. वरून जुन्या सुती साडीच्या तुकड्याचा नाडीचा बटवा शिवावा, जो नंतर सुटी नाणी ठेवायला कामी येतो. सोबत दोन रंगवलेल्या पणत्या आणि हाताने वळलेल्या वाती दिल्या की भेट भरगच्च दिसते.

कामाचा क्रम लावताना उटणे सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण संत्र्याची साल कडकडीत वाळायला वेळ लागतो आणि ढगाळ हवेत तो आणखी वाढतो. कंदील वसुबारसेपर्यंत लागला तरी चालतो, परंतु उटण्याच्या पुड्या नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाआधी, शक्यतो धनत्रयोदशीलाच, घरोघरी पोचल्या पाहिजेत.