वाटाड्या : गुडघेदुखी असलेल्या आईला घारापुरी दाखवता येईल का?

प्रश्न : आम्ही सांगलीचे. फेब्रुवारीत भाच्याच्या मुंजीला ठाण्याला येणार आहोत. आई 73 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बघायचीच म्हणून हटून बसली आहे. बोटीशिवाय तिथे जाता येत नाही, शिवाय वर 120 पायऱ्या. भाऊ म्हणतो, वेरूळ बघून झालंय, इथल्या निम्म्या मूर्ती तर फुटक्या, एवढा खटाटोप कशाला? काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : न्या. भावाला मुंजीच्या पंक्तीत वाढायला ठेवा आणि आईंना घेऊन निघा.

मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दरवर्षी नववीची मुलं घेऊन घारापुरीला जायचे, आता एकटी जाते. बोटीचं म्हणाल तर खरी परीक्षा समुद्रात नसते, चढता-उतरताना असते. ओहोटीला पाणी खाली जातं, गेटवेच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि कधी कधी एका लाँचमधून पलीकडच्या लाँचमध्ये पाय टाकावा लागतो. म्हणून आदल्या रात्री भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. खलाशी हात देतो, तेव्हा त्याची बोटं नाही, मनगट धरायला सांगा. पाचवारीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा; नऊवारी नेसत असतील तर मग काळजीच नाही. लाइफ जॅकेट मिळेल ते अंगात घालायचं, मांडीवर घेऊन बसायचं नाही. डिसेंबर 2024 मध्ये याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली, हे विसरू नका.

सोमवारी लेणी बंद. शनिवार-रविवार टाळा. सकाळी नऊच्या सुमाराची पहिली लाँच पकडा, तासाभरात पोचाल. जेटी लांबलचक आहे, पण तिच्यावर छोटी रेल्वे धावते, तेवढी पायपीट वाचते. पायऱ्यांसाठी डोली मिळते. आई डोलीत बसायला लाजतील. माझ्याही सासूबाई लाजल्या होत्या, चौथ्या पायरीवर लाज संपली. भाव मात्र बसण्याआधी ठरवा, आणि जाऊन-येऊन किती ते स्पष्ट विचारा. खाण्याची पिशवी उघडी दिसू देऊ नका. माकडांनी एकदा माझी चित्रांची वही पळवली. आत एक बिस्किटाचा पुडा होता, तो फोडून खाल्ला आणि वही करवंदीच्या जाळीत टाकून दिली.

एक घडीचं स्टूल बरोबर न्याच. मोठ्या लेण्यात शिरल्यावर बाहेरच्या उन्हामुळे थोडा वेळ काहीच दिसत नाही. लोक नेमके तेवढ्यातच फोटो काढून बाहेर पडतात! तुम्ही सरळ आत जा, दक्षिणेच्या भिंतीवरच्या तीन चेहऱ्यांच्या शिल्पासमोर स्टूल मांडा आणि आईंना बसवा. दहा मिनिटं काही बोलू नका. अंधारातून आधी मधला चेहरा येतो, मिटल्यासारख्या डोळ्यांचा, खालचा ओठ जाड. मग डावीकडचा, मिशीवाला, भुवया आवळलेला, हातात नाग. मग उजवीकडचा, नाजूक, कुरळ्या बटांचा, हातात कमळ. शिल्प जवळजवळ 18 फूट उंच आहे, पण बसून बघताना ते अंगावर येत नाही. आपण सगळे याला त्रिमूर्ती म्हणतो आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतो. तसं नाही. हा सदाशिव, तिन्ही चेहरे शंकराचेच, एक शांत, एक रौद्र, एक स्त्रीरूप. नववीतली एक मुलगी एकदा म्हणाली, "बाई, उजवीकडची तर आई वाटते." तिला मी काहीच शिकवलं नव्हतं.

आता भावाचा मुद्दा. पोर्तुगीजांच्या हाती 1534 मध्ये बेट गेलं आणि त्यांच्या काळात मोडतोड झाली, हे खरं. पण त्याला पश्चिमेकडचं अंधकासुरवधाचं शिल्प दाखवा. शंकराचे पाय गेलेत, आठांतले कितीतरी हात गेलेत, तरी कमरेतून घेतलेली झेप जात नाही. एका हातात वाडगं आहे. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा असुर उभा राहायचा, म्हणून ते धरलेलं. वेरूळ मलाही आवडतं, पण तिथे डोळा थकतो. इथे मोजकीच मोठी शिल्पं आहेत आणि प्रत्येकासमोर मोकळी जागा आहे.

आणि घरात कार्य आहेच, तर आईंना कल्याणसुंदर चुकवू नका, म्हणजे शिवपार्वतीचं लग्न. पार्वती मान खाली घालून उभी आहे आणि मागून बाप, हिमालय, तिला हलकेच पुढे करतो आहे. ती शंकराच्या उजव्या बाजूला आहे बघा. लग्न लागायचं आहे अजून, लागल्यावर ती डावीकडे येणार. सहाव्या शतकातल्या पाथरवटाला हे ठाऊक होतं. आपल्याकडच्या मांडवात अजून गुरुजींना ओरडून सांगावं लागतं.

बाकीची लेणी नाही बघितली तरी चालेल. साडेबारापर्यंत उतरायला लागा, दुपारी लाँचला गर्दी होते.

प्रश्न : माझी नात विचारते, एलिफंटा बेटावर हत्ती कुठे आहे? आम्ही दोनदा गेलो, दिसला नाही.
– एक आजोबा, लालबाग

उत्तर : तुमच्या घराजवळ आहे. किनाऱ्यावर दगडाचा मोठा हत्ती होता, म्हणून पोर्तुगीजांनी बेटाला ते नाव दिलं. 1814 मध्ये त्याची मान तुटून पडली. पुढे 1864 मध्ये इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, तर उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून ठेवले, 1914 मध्ये पुन्हा जोडले. भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर तो उभा आहे. सांधे कुठे कुठे आहेत ते नातीला शोधायला सांगा, तिचा अर्धा तास मजेत जाईल. बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.